एक जून

माझ्या टेबलावर यंदा सात मुलांचा वाढदिवस
एकाच दिवशी.
ज्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते
त्यांची आई एक जूनला बाळंत होते,
अशी आमच्या खात्याची जुनी समजूत.

सुग्रीवचं तर वयही एक्स-रेतून निघालेलं.
मनगटाच्या हाडाकडे बघत डॉक्टरांनी लिहिलं : अंदाजे सात.
त्या 'अंदाजे'त मी अकरा वर्षं
दरसाल एक मिळवत गेले
आणि आज बेरीज कायद्याला भिडली.
काल रात्रीपर्यंत तो बालक होता,
काळजी आणि संरक्षणाची गरज असलेला.
आज सकाळी दोन्ही गरजा संपल्या,
असं मी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय.

अर्ज ऑनलाइन.
आडनावाच्या चौकटीशेजारी लाल तारा,
रिकामं सोडलं की पान पुढे सरकत नाही.
तीनदा मागे आलो.
मी म्हटलं, टाक रे काहीतरी, वेळ संपतोय.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं,
भंगाराची गोदामं, खाडीपुलाकडे तोंड करून उभे ट्रक,
आणि दोन बोटांनी टाइप केलं :
मानखुर्दकर.
कोकणातल्या एखाद्या खोताला शोभेल इतक्या सहज.
पान सरकलं.

मंगळवारी मंत्रालयात बैठक, युवा धोरणाचा मसुदा.
काजूच्या बशा. पडद्यावर एक हिरवा बाण,
बालपणातून प्रौढत्वाकडे,
गुळगुळीत, कुठेही न वाकलेला.
कुणी विचारलं, फील्डवरच्यांनी सांगा, नेमकी गरज कशाची?
मी कौशल्य विकास म्हटलं. वसतिगृह म्हटलं.
विद्यावेतन वेळेवर द्या म्हटलं.
सगळं लिहून घेतलं गेलं.

राहिलं ते हे, की
अकरा वर्षांत त्याने एकदाही गॅस पेटवलेला नाही.
स्वयंपाकघरात मुलांना मनाई, नियम क्रमांक चौदा,
भिंतीवर मीच चिकटवलेला.
कोथिंबिरीची जुडी केवढ्याला येते,
घंटा वाजली नाही तर भूक लागते का,
अंगात ताप असला तर आधी कुणाला सांगायचं.
त्याला कुलूप माहीत आहे,
किल्ली नाही.
हे मसुद्याच्या कुठल्या परिच्छेदात बसेल
मला सुचलं नाही.
काजू मात्र खाल्ले.

चीता कॅम्पात पोटमाळा मिळाला.
डिपॉझिट कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं
ते वर अजून ठरतंय,
तोवर माझ्या भिशीतले आठ हजार गेले.
कुणाला सांगू नका.
उरलेल्या सहा जणांना मी
हात जोडण्यापलीकडे काही दिलेलं नाही,
त्यातली जयमाला कुठे राहते
हे मला आज नक्की सांगता येणार नाही.

घरमालकीण झुलेखाबींनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली,
तर त्याने ती तशीच माझ्यापुढे धरली.
सवयीने.
मी हात मागे घेतला.
तेवीस वर्षांच्या नोकरीत पुनर्वसन म्हणावं असं
एवढंच केलं असेन.

रात्री पावणेबाराला फोन.
मॅडम, झोप येत नाही. इथे कुणी खोकतच नाही.
चाळीस गाद्यांच्या हॉलमध्ये वाढलेला पोरगा.
मग थोडं थांबून,
दार आतून लावू का?

अकरा वर्षं ते बाहेरून लावणारी मी,
काय सांगणार.
म्हटलं, तुझं दार आहे, तू ठरव.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग कडीचा आवाज,
लागल्याचा की निघाल्याचा
फोनवरून कळलं नाही.

सकाळी नोंदवहीत लिहिलं,
पाठपुरावा क्रमांक एक : लाभार्थी ठीक.
पुढची तारीख तीन महिन्यांनी.

गॅस बंद केलास ना,
हे विचारायचं राहूनच गेलं.